विमानाचे धड

माघ-फाल्गुनात बीड जिल्ह्यातील शाळूची काढणी सुरू होते. बालाघाटाच्या पठारावरील शेतांत कणसे खुडून झाली, की उरलेल्या धाटांच्या पेंढ्या बांधल्या जातात आणि कडब्याच्या गंजी उभ्या राहतात. मोठी माणसे या कामात गुंतलेली असताना मुले एखादे जाडसर धाट ओढून घेतात व बांधावर जाऊन बसतात. धाटाची कठीण साल सोलून काढावयाची, आतील पांढऱ्या भेंडाचे तुकडे करावयाचे आणि सालीच्या बारीक काड्या त्या तुकड्यांत टोचून बैलगाडी तयार करावयाची, हा त्यांचा जुना खेळ आहे. या गाडीला खिळा लागत नाही, सरस लागत नाही, आणि पैसा तर मुळीच लागत नाही. तरीही तिला चाके असतात, जू असते, साटा असतो. दोरीने ओढली तर ती दिवेलागणीपर्यंत टिकते.

ज्याने अशी गाडी केली आहे, त्याने धाटाचे एक पेर हातात घेऊन एवढे अवश्य करून पाहावे. प्रथम अखंड पेर दोन्ही हातांनी वाकविण्याचा प्रयत्न करावा. ते सहजासहजी वाकत नाही. मग त्याची साल सोलून नुसती साल वाकवावी. ती बोटाभोवती गुंडाळता येते. नंतर नुसते भेंड वाकवावे. ते कट्‌कन मोडते. साल चिवट आहे, पण एकटी असताना ताठ उभी राहत नाही. भेंड हलके आहे, पण त्याला ताण सोसत नाही. दोघे एकत्र असतात तेव्हा मात्र त्यांच्या बळावर पुरुषभर उंचीचे धाट आपले भरलेले कणीस वाऱ्यात तोलून धरते. भेंड सालीला आत दबू देत नाही आणि साल भेंडाला तुटू देत नाही. शिवाय वीतभर अंतरावर एकेक गाठ असते. तिच्यामुळे धाट चपटे होत नाही.

लाकडी विमानाचे धड मजबूत कसे करावे, हे समजून घेण्यासाठी या धाटाइतका चांगला नमुना शोधून सापडणार नाही.

विमानाची लहान प्रतिकृती करून ती उडविण्याचा छंद प्रत्यक्ष विमानाहून जुना आहे. 1871 साली अल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे एक छोटे विमान पॅरिस येथे लोकांसमोर उडवून दाखविले. ते अकरा सेकंद हवेत राहिले. त्याचे धड म्हणजे केवळ एक सरळ काठी होती. पुढे 1878 साली अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने आपल्या दोन लहान मुलांसाठी रबरावर चालणारे एक उडते खेळणे आणले. ते बूच, बांबू आणि कागद यांचे केलेले होते. मुलांनी ते मोडेपर्यंत उडविले आणि मग स्वतःच्या हातांनी तशीच दुसरी तयार केली. ही मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. 17 डिसेंबर 1903 रोजी त्यांचे विमान माणसाला घेऊन उडाले, तेव्हा त्याच्या सांगाड्यातही लाकूडच होते. आजही आपल्या राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात प्रतिकृती तयार करणे व उडविणे हा शिक्षणाचा एक भाग आहे.

विमानाला उचलून धरण्याचे काम पंख करतात. त्याला सरळ ठेवण्याचे काम शेपटी करते. धड स्वतः काहीच उचलत नाही. ते नाक, पंख आणि शेपटी यांना एकमेकांशी बांधून ठेवते. म्हणूनच नवशिक्याचे त्याकडे दुर्लक्ष होते. तो पंख घासून-पुसून गुळगुळीत करतो, शेपटीवर रंगाने आपले नाव लिहितो आणि धडासाठी हाताशी येईल ती पट्टी वापरतो. परंतु विमान मोडते तेव्हा बहुधा धडच मोडते.

समजा, केज किंवा पाटोदा तालुक्यातील एखाद्या शाळेतील मुलांनी स्नेहसंमेलनात उडवून दाखविण्यासाठी एक विमान केले आहे. पंखांचा विस्तार एक मीटर, धडाची लांबी सुमारे पाऊण मीटर. धडासाठी त्यांनी चार लांब दांडे घेतले व त्यांना आडव्या काड्या लावून चौकोनी पिंजऱ्यासारखा सांगाडा केला. शाळेच्या मैदानावर पहिले उड्डाण झाले. विमान छान तरंगले, पण उतरताना नाक जमिनीला लागले आणि पंखांच्या लगेच मागे धडाचे दोन तुकडे झाले.

ते तेथेच का मोडले? नाक जमिनीला लागताच विमानाचा पुढचा भाग थांबतो, परंतु शेपटीला वेग असतो. ती तशीच पुढे व खाली जाऊ पाहते. त्यामुळे पंखांमागचा भाग वाकतो. कोणतीही काठी वाकली, की तिच्या एका बाजूचे तंतू ताणले जातात व दुसऱ्या बाजूचे दाबले जातात. नेमके मध्यावरचे तंतू मात्र ना ताणले जातात ना दाबले जातात, ते जवळजवळ रिकामेच असतात. म्हणजे वाकण्याला विरोध करण्याचे खरे काम कडेचे लाकूड करते. मधले लाकूड वजन वाढवते आणि कडेच्या लाकडांना एकमेकांपासून दूर ठेवते. जर मधले लाकूड काढून टाकले आणि कडा मात्र दूर राहतील अशी व्यवस्था केली, तर वजन पुष्कळ कमी होते आणि ताकद थोडीच कमी होते. सायकलीच्या सांगाड्यातील नळ्या पोकळ असतात आणि बांबूही पोकळच उगवतो, ते याचसाठी.

याची प्रचीती घेणे सोपे आहे. दोन मिलिमीटर जाड व सहा मिलिमीटर रुंद अशी पट्टी आडवी धरून वाकविली तर ती लवते. तीच पट्टी तिच्या कडेवर उभी धरून वाकविली, तर ती नऊपट ताठ भासते. लाकूड तेच आहे. एक कणही वाढलेला नाही. फक्त ते कसे धरले एवढेच बदलले.

आता त्या मुलांकडे वळू. संमेलनाला चार दिवस उरले होते. त्यांनी तुटलेली टोके एकमेकांना भिडवून भरपूर सरस लावला आणि रात्रभर वाळू दिले. दुसऱ्या दिवशी विमान त्याच जागी पुन्हा मोडले. सरस कमी पडला म्हणून नव्हे, तर टोकाला टोक भिडविल्यामुळे. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात. आडवे कापलेले टोक म्हणजे असंख्य बारीक नळ्यांची उघडी तोंडे. ती तोंडे सरस पिऊन टाकतात, आणि पृष्ठभागावर पकडीसाठी काही उरत नाही. कोणताही जाणता सुतार लांब दांडा असा सांधत नाही. तो दोन्ही टोके तिरपी तासतो आणि ती एकमेकांवर बसवितो. दांडा जितका जाड, त्याच्या दहा-बारा पट लांब असा तिरपा काप असावा, म्हणजे तीन मिलिमीटर जाडीच्या दांड्याला तीन ते साडेतीन सेंटिमीटरांचा. अशा सांध्यात सरस तंतूंच्या बाजूंना धरतो, आणि पकडीची जागाही कित्येक पट वाढते. खऱ्या लाकडी विमानांच्या दुरुस्तीतही हेच प्रमाण पाळले जात असे.

मुलांना हे ठाऊक नव्हते. त्यांनी बांबूची एक जाड कामटी चार बोटे लांबीची कापली आणि मोडलेल्या जागी बाहेरून घट्ट बांधली. ‘आता मोडून दाखव,’ असे त्यांच्यापैकी एकाने विमानालाच बजावले असेल. विमानाने मोडून दाखविले. बांधलेली जागा शाबूत राहिली. कामटी जेथे संपत होती, त्याच्या अर्धे बोट पलीकडे धड तुटले.

विमाने करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण येथेच चकतात. लवचीक वस्तू वाकते तेव्हा तो वाक सर्व लांबीवर वाटला जातो. तिच्या एका भागाला आपण एकदम ताठ केले, तर तो भाग वाकण्याचे नाकारतो आणि त्याच्या वाट्याचा वाक शेजाऱ्यावर येऊन पडतो. जेथे ताठ भाग अकस्मात संपतो तेथे तर सारा ताण एका रेषेवर गोळा होतो. म्हणून आधाराची पट्टी कधीही बोथट टोकाने संपवू नये. ती दोन्ही टोकांकडे निमुळती करीत न्यावी, म्हणजे ताठपणा हळूहळू ओसरतो आणि कोठेही त्याची पायरी पडत नाही. झाडाची फांदी खोडाला जेथे जुळते तेथे पाहा. ती खोडात काठी खोचल्यासारखी कधीच नसते. बुंध्याशी जाड होत होत ती खोडात मिसळून जाते.

त्या कामटीने आणखी एक घोटाळा केला. धडाचा मागचा भाग जड झाला. विमान तोलाच्या ज्या बिंदूवर समतोल राहते, तो सामान्यतः पंखांखाली असतो. त्याच्या मागे शेपटीपर्यंतचे अंतर मोठे असते आणि पुढे नाकापर्यंतचे लहान. समजा, शेपटी त्या बिंदूपासून पंचेचाळीस सेंटिमीटर दूर आहे व नाक पंधरा सेंटिमीटर. मग शेपटीवर पाच ग्रॅम वजन वाढले, तर तोल सांभाळण्यासाठी नाकात पंधरा ग्रॅम शिसे घालावे लागते. तराजूची दांडी मध्यावर टांगली नाही तर पारडी कशी फसवितात, हे आठवडी बाजारात पाहिलेल्यांना ठाऊक असते. पाच ग्रॅमच्या आधारासाठी विमान वीस ग्रॅमने जड झाले. जड विमानाला हवेत राहण्यासाठी अधिक वेगाने जावे लागते. वेग वाढला, की जमिनीवर बसणारा मारही वाढतो. मग ते पुन्हा मोडते, पुन्हा कोणी त्यावर कामटी बांधतो, आणि वजन आणखी वाढते. अशी ठिगळे लावता लावता शेवटी जे उरते ते मजबूत असते खरे, पण ते उडत नाही.

म्हणून मजबुतीचा विचार करताना पहिला प्रश्न ‘किती लाकूड घालावे’ हा नसून ‘ते कोठे घालावे’ हा असतो.

मुलांनी केलेला चौकोनी पिंजरा मुळातच एका बाबतीत दुबळा होता. चार काड्यांचा चौकोन कोपऱ्यांत सांधला आणि एका कोपऱ्यावर दाब दिला, तर तो कलतो व त्याची तिरपी समभुज आकृती होते. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कलत नाही. काडी मोडेपर्यंत त्याचा आकार बदलत नाही. पुलांच्या आणि विजेच्या मनोऱ्यांच्या सांगाड्यांत जिकडेतिकडे त्रिकोण दिसतात, ते याच कारणाने. धडाच्या प्रत्येक चौकोनात एकेक तिरपी काडी बसविली, की तेच चार दांडे एकदम निराळे होतात. कोपऱ्यांतील सांध्यांवर पातळ प्लायवूडचा लहानसा त्रिकोणी तुकडा चिकटविला तर सांधा आणखी पक्का होतो. हा तुकडा नखाएवढा पुरतो.

वाकण्याखेरीज धडाला पीळही बसतो. विमान वळताना शेपटी एका बाजूस ढकलली जाते आणि धड ओल्या कपड्यासारखे पिळले जाते. पिळाला उत्तम उत्तर म्हणजे वरचे आवरण. पोकळ सांगाड्यावर पातळ कागद चोहोबाजूंनी नीट चिकटवावा, त्यावर पाण्याचा हलका फवारा मारावा व तो वाळू द्यावा. वाळताना कागद आखडतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा ताणून बसतो. मग त्यावर पातळ रोगणाचा एक हात द्यावा. कागदाचे वजन नगण्य, परंतु सांगाडा पिळून पाहिला तर फरक हातालाच कळतो.

धाटाच्या गाठींसारखी आतली आडवी भिंतही हवी. काडीपेटीचे बाहेरचे खोके रिकामे असताना दोन बोटांनी दाबले तर चपटे होते. आतील खण त्यात सरकविला, की तेच खोके दाबाला दाद देत नाही. धडात ठरावीक अंतरावर प्लायवूडच्या पातळ चौकटी बसवितात त्या याचसाठी. त्या सगळीकडे सारख्या अंतरावर असण्याची गरज नाही. जेथे पंख बसतात, जेथे चाकांचे पाय लागतात, जेथे नाकाला मार बसतो, तेथे त्या जवळ जवळ आणि जरा जाड असाव्यात. शेपटीकडे विरळ व पातळ चालतात. चौकटीचा मधला भाग कोरून काढला तरी तिचे काम अडत नाही, कारण चौकटीचेही मधले लाकूड रिकामेच असते.

ही सारी तत्त्वे एका प्रसिद्ध विमानात एकत्र पाहावयास मिळतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमाने धातूची होऊ लागली होती. त्या वेळी इंग्लंडमधील डी हॅविलँड कंपनीने लाकडाचे एक वेगवान लढाऊ विमान तयार केले. त्याचे नाव मॉस्किटो, म्हणजे डास. 25 नोव्हेंबर 1940 रोजी त्याने पहिले उड्डाण केले, आणि पुढे अशी सात हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. त्यांचे भाग तयार करण्याचे काम विमानांचे कारखानेच नव्हे, तर टेबले-कपाटे करणारे सुतारही करीत होते. या विमानाच्या धडाची भिंत म्हणजे थेट शाळूच्या धाटाची रचना होती. बाहेर आणि आत बर्च झाडाच्या पातळ प्लायवूडचा एकेक थर, आणि मध्ये बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाचा सुमारे अकरा मिलिमीटरांचा गाभा. बाल्सा हे दक्षिण व मध्य अमेरिकेतील झाड आहे. इक्वेडोर देशातून त्याचे लाकूड जगभर जाते. सामान्य बाल्साचा एक घनमीटर सुमारे दीडशे किलोग्रॅम भरतो, म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतका. स्पॅनिश भाषेत बाल्सा या शब्दाचा अर्थ तराफा असा आहे.

मॉस्किटोचे धड शेंगेसारखे होते. डावा व उजवा असे दोन अर्धभाग निरनिराळ्या साच्यांवर तयार करीत, आतील तारा व नळ्या उघड्यावरच बसवीत आणि मग शेंगेची दोन टरफले मिटावीत तसे ते जोडून टाकीत. जेथे आतील चौकटी जोडावयाच्या किंवा जड वस्तू अडकवावयाच्या, तेवढ्याच जागी बाल्सा काढून त्याऐवजी अधिक घट्ट लाकडाचे तुकडे बसविले जात. बाकी सर्वत्र हलका गाभाच राहू दिला होता. भार कोठे येतो याचा विचार करून घातलेले हे लाकूड आणि आपल्या मुलांनी बांधलेली ती कामटी, यांच्यातील अंतर विचार करण्याजोगे आहे.

याच विमानाची आणखी एक हकिगत भारताशी निगडित आहे. 1944 साली भारत-ब्रह्मदेश आघाडीवर मॉस्किटो विमाने काम करीत होती. त्या वर्षीच्या शरद ऋतूत काही विमानांचे पंख हवेतच निखळले व वैमानिक प्राणास मुकले. तेव्हा तेथील मॉस्किटो जमिनीवर थांबवून तपासण्यात आली, आणि कित्येकांच्या चिकटविलेल्या सांध्यांत दोष आढळले. आरंभीची विमाने दुधातील केसीनपासून केलेल्या सरसाने जोडली जात. हा सरस दमट हवेत टिकत नाही, म्हणून नंतरच्या विमानांत त्याऐवजी कृत्रिम सरस वापरण्यात येऊ लागला होता. परंतु उत्तम सरसही दोन पृष्ठभाग नीट भिडल्याशिवाय धरत नाही. तपासणीत काही ठिकाणी लाकडे एकमेकांना पुरती टेकलेलीच नव्हती, असे दिसून आले. सरसाने फट बुजते, पण फटीतला सरस लाकडाला बळ देत नाही.

युद्धानंतर मोठ्या विमानांतून लाकूड जवळजवळ हद्दपार झाले, तरी ग्लायडर म्हणजे इंजिनाविना तरंगणाऱ्या विमानांत ते पुष्कळ वर्षे टिकले. भारतात नागरी विमान खात्याचे अभियंते एस. रामामृतम यांनी आखलेल्या ‘रोहिणी’ या लाकडी ग्लायडरने 1961 साली पहिले उड्डाण केले. तीत शिकविणारा व शिकणारा शेजारी शेजारी बसत. पुण्याजवळील हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात कितीतरी तरुणांनी ग्लायडरमध्ये बसून हवेची पहिली ओळख करून घेतली. प्लायवूड, हलके लाकूड, कापडाचे आवरण आणि सरस एवढ्याच्या भरवशावर माणसे आकाशात जात, हे वाचून नवल वाटेल. पण सांधे तपासणाऱ्याचा डोळा चुकत नसे, तोवर हा भरवसा अनाठायी नव्हता.

बीड जिल्ह्यातील खेड्यात बाल्सा मिळणार नाही, किंवा मिळाला तर तो महाग पडेल. त्यावाचून अडून बसण्याचे कारण नाही. कामट्यांसाठी बांबू सर्वत्र आहे. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे बांबू व ताट्या घेऊन ज्या कोपी उभारतात, त्यांच्याकडे नीट पाहिल्यास थोड्या बांबूत निवारा कसा उभा राहतो ते कळते. बांबूची कामटी चिरताना चाकू नेहमी आपल्या शरीरापासून दूर चालवावा, आणि पहिल्या वेळी जवळ कोणी जाणते माणूस असावे. कामटीची बाहेरील, सालीकडची बाजू सर्वांत चिवट असते. ती तासून टाकू नये. ती धडाच्या बाहेरच्या अंगास येईल अशी बसवावी. चौकटींसाठी पांगाऱ्याचे मऊ लाकूड चालते. सावंतवाडीचे कारागीर पूर्वापार त्याची खेळणी करीत आले आहेत, आणि पानमळ्यात वेलींच्या आधारासाठीही पांगारा लावला जातो. तेही न मिळाल्यास दोन-तीन थर चिकटवून केलेला पुठ्ठा घ्यावा. थर चिकटविताना एकाचे तंतू उभे, तर दुसऱ्याचे आडवे ठेवावेत. प्लायवूडचे बळ याच एका युक्तीत आहे. लाकूड तंतूंच्या दिशेने चिरते, आणि पुढच्या थराचे आडवे तंतू त्या चिरेला वाट देत नाहीत. भेंड मात्र लहान विमानाच्या नाकासाठी किंवा पोकळी भरण्यासाठीच वापरावे. मोकळ्यावर ते ओल धरते आणि त्याला कीड लागते.

सांध्यांसाठी सुतारकामाचा पांढरा सरस, म्हणजे फेविकॉलसारखा, पुरेसा आहे. दोन्ही पृष्ठभाग घासून सपाट करावेत, सरस पातळ लावावा, कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनी किंवा दोऱ्याने आवळावे आणि रात्रभर हात लावू नये. ही शेवटची अट सर्वांत अवघड आहे. नाजूक सांध्यावर सुती दोऱ्याचे आठ-दहा वेढे शेजारी शेजारी घालून त्यावर सरस चोळला, तर तो सांधा सहसा उकलत नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापलेली लोखंडी धाव चढवितो. ती थंड होताना आखडते व पुट्टे आणि आरे एकमेकांत आवळून धरते. दोऱ्याच्या वेढ्यांचे काम त्याच जातीचे आहे.

एक जागा मात्र अशी आहे की ती मुद्दाम पक्की करू नये. पंख धडाला सरसाने कायमचे चिकटविण्याचा मोह होतो. त्याऐवजी धडातून दोन बारीक दांड्या आरपार घालाव्यात, आणि त्यांना अडकविलेल्या रबरांनी पंख बांधावे. उड्डाणात रबर पंखांना घट्ट धरून ठेवते. झाडाला किंवा भिंतीला धडक बसली, की रबर ताणले जाते, पंख निसटून बाजूला पडतो आणि मार तेथेच विरतो. पंख चिकटविलेले असते, तर तोच मार धडात शिरला असता. नाकाशीही असेच करता येते. पुढे जाड स्पंजाचा किंवा भेंडाचा तुकडा लावावा. तो चेपला तर बदलता येतो.

त्या मुलांचे विमान संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा सांधले जाईल, असे मानू. आता जाड कामटी काढून टाकलेली आहे. दांडे तिरपे तासून जोडले आहेत. पंखांमागच्या तीन चौकोनांत तिरप्या काड्या बसल्या आहेत. आतल्या बाजूने एक पातळ पट्टी चिकटविली आहे, आणि ती दोन्हीकडे निमुळती होत गेली आहे. सांध्यांवर दोऱ्याचे वेढे आहेत. नाकातील शिसे काढले आहे, आणि स्वयंपाकघरातील काट्यावर विमान पूर्वीपेक्षा सोळा ग्रॅमने हलके भरले आहे. सरस अजून ओला आहे. एकाला ते आताच उडवून पाहावयाचे आहे, आणि दुसऱ्याने ते कपाटावर, त्याचा हात पोहोचणार नाही इतक्या उंच ठेवले आहे.

स्वाध्याय

1. शाळूच्या धाटातील साल, भेंड व गाठी यांची कामे सांगा. मॉस्किटो विमानाच्या धडात त्यांची जागा कोणकोणत्या भागांनी घेतली आहे?
2. मुलांनी बांधलेली कामटी शाबूत राहिली, तरी धड पुन्हा का मोडले? तुमच्या शब्दांत लिहा.
3. शेपटी तोलबिंदूपासून साठ सेंटिमीटर व नाक वीस सेंटिमीटर दूर आहे. शेपटीवर सात ग्रॅम वजन वाढले, तर नाकात किती ग्रॅम शिसे घालावे लागेल?
4. सहा काड्या व दोरा घेऊन एक चौकोन व तिरप्या काड्यांसह दुसरा चौकोन करा. दोन्ही दाबून पाहा व काय आढळले ते वहीत नोंदवा. काड्या कमी पडल्या तर आणखी किती लागल्या तेही लिहा.
5. तुमच्या गावातील सुतार, लोहार किंवा बुरूड यांच्यापैकी एकाला भेटा. लाकडाचा किंवा बांबूचा सांधा पक्का करण्याच्या त्यांच्या रीती विचारा, आणि त्यांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून आणा.